बुंध्याचा फणस

फणसाशी माझे भांडण झाले ते एका तांबड्या पेन्सिलीमुळे.

२००३ सालची गोष्ट. मी तेव्हा पंचविशीत होतो आणि चित्रकलेचा मास्तर म्हणून नुकताच नोकरीला लागलो होतो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. आताच्या मुलांना हा शब्द कळत नाही, त्यांच्यासाठी दहावी म्हणू. त्यावर चित्रकलेची एक पदविका, एवढीच माझी शिदोरी. शिक्षकांच्या खोलीत बाकी सारे पदवीधर. कुणी सहज काही विचारले तरी मला वाटे, आपली तोंडी परीक्षा चालली आहे. ज्याला आपल्या अज्ञानाची भीती वाटते तो माणूस फार चटकन उत्तरे देतो. मीही देत असे.

सहावीच्या वर्गाला मी 'माझ्या आवडीचे झाड' हा विषय दिला होता. शाहूपुरीतली मुले ती! कुणी नारळ काढला, कुणी आंबा. फांदीच्या टोकाला टिकल्या लावाव्यात तसे आंबे लावले. एका मुलाने मात्र फणस काढला होता. हा मुलगा गगनबावड्याकडचा. मामाकडे राहून शिकत होता. मामा मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हमाली करायचे. मुलगा बोलायचा कमी आणि पाहायचा फार. त्याच्या फणसाला फांद्यांच्या शेंड्यांवर एकही फळ नव्हते. दोन फणस खोडाला चिकटलेले होते, आणि तिसरा चक्क बुंध्याच्या मुळाशी, अर्धा जमिनीत पुरलेला. त्याच्या भोवती काळ्या खडूने मातीच्या भेगासुद्धा काढल्या होत्या.

"अरे, हा फणस आहे की रताळे?" मी विचारले. वर्ग हसला.

"आमच्यात असाच लागतोय, सर," तो म्हणाला. "जुन्या झाडाला. मातीतच असतोय. वासावरनं कळतंय."

वर्ग आणखी मोठ्याने हसला. मीही हसलो. आणि तांबड्या पेन्सिलीने त्या तिसऱ्या फणसावर फुली मारून खाली झोकात शेरा लिहिला : 'निरीक्षण करून चित्र काढावे.'

त्या मुलाने वही मिटली. पुढच्या तासाला त्याने मुकाट्याने नारळ काढला. मी त्याला दहापैकी सात गुण दिले.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, तेव्हा तो माझ्या टेबलापाशी आला. ओल्या फडक्यात बांधलेल्या पाच-सहा आठळ्या त्याने पुढे ठेवल्या. "आईनं दिल्यात. काप्या फणसाच्या हाईत. वाळू देऊ नगा, आजच लावा. पिशवीत नगं, जिथं ठेवायचं तिथंच लावा." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हे मला आजही खात्रीने सांगता येते. त्यामुळेच ते बोचले.

त्याच्या आईने सांगितलेल्या दोन्ही गोष्टी अगदी शास्त्रशुद्ध होत्या, हे मला पुढे वाचनातून कळले. गहू-ज्वारीचे बी वाळवून वर्षभर कणगीत ठेवता येते. फणसाची आठळी वाळली की मेली. बारमाही ओलाव्याच्या जंगलातले ते बी, त्याला थांबायची सवयच नाही. झाडावरून पडावे आणि रुजावे, एवढेच त्याला ठाऊक. दुसरे असे की, रोपाचे सोटमूळ सरळ खाली धावते. पिशवीत ते वळसे घेते, आणि उपटून दुसरीकडे लावताना दुखावले तर झाड वर्षानुवर्षे रुसून बसते.

आमचे घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या जवळ. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली ही व्यापारपेठ वसवली. त्या पेठेच्या वाढत्या संसारातले आमचे जुने कौलारू घर आणि मागे चार खाटा मावतील एवढे अंगण. तिथे दगडी धुण्याच्या पलीकडे मी आठळ्या पुरल्या. तीन रुजल्या, दोन शेजारच्या शेळीने खाल्ल्या. फणसाचा पाला म्हणजे शेळीचे पक्वान्न. एक रोप उरले. तो मुलगा मात्र सातवी करून गावी निघून गेला. मामांचे काम सुटले होते. त्याच्या दाखल्यावर सही झाली त्या दिवशी मी बोर्डावर 'सुस्वागतम्' रंगवीत होतो. खाली उतरलो नाही.

झाड वाढले. दाट, गडद हिरवे, चकचकीत पानांचे. बियांपासून केलेला फणस सात-आठ वर्षांनी धरतो असे म्हणतात. आमचा दहा वर्षांचा झाला तरी ढिम्म. मग एका माघात लहान लहान कोके दिसले. आईने साखर वाटली. महिन्याभरात ते सारे काळे पडून गळाले. "दृष्ट लागली," आई म्हणाली. ती दृष्ट नव्हती. फणसाच्या एकाच झाडावर नर आणि मादी फुलोरे वेगळे येतात. नराचा देठ बारीक. पराग उधळून झाले की तो काळवंडून गळतो. मादीचा देठ जाड, आणि कोक्याच्या तळाशी अंगठी घातल्यासारखे कडे. चित्रकलेच्या मास्तराला हा फरक पहिल्या दिवशी दिसायला हवा होता. पण निरीक्षण करण्याचा शेरा मी इतरांसाठी राखून ठेवला होता.

२०१८ च्या मे अखेरीस एका लग्नासाठी मी वैभववाडीला निघालो होतो. कोल्हापूरहून गगनबावडा पंचावन्न किलोमीटर; तिथून करूळचा घाट उतरला की कोकण. गाडी गरम झाली म्हणून चालकाने बावड्याला थांबवली. चहा घेऊन मी एका घरामागच्या परड्याकडे सहज वळलो, आणि वास आला. पिकल्या फणसाचा तो वास माणसाला हाताला धरून नेतो. परड्यात एक अजस्र झाड होते. दोघांच्या कवेत न मावणारा बुंधा. वर फणस होतेच. पण वास खालून येत होता. बुंध्याच्या पायथ्याशी माती फुगून तडकली होती. भेगांतून काटेरी, पिवळट पाठ दिसत होती, आणि मुंग्यांची रांग लागली होती.

भेगासुद्धा अगदी तशाच होत्या, काळ्या खडूने काढलेल्या.

मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. घरातल्या आजी बाहेर आल्या. "खाणार काय, मास्तर?" त्यांनी विचारले. मी मास्तर आहे हे त्यांनी कशावरून ओळखले कुणास ठाऊक. बहुधा दारात खांबासारखा उभा राहिलो म्हणून.

खरे तर मला नवल वाटायचे कारण नव्हते. दर वर्षी मी नरसोबाच्या वाडीला जातो. औदुंबराची प्रदक्षिणा घालतो. उंबराची फळे खोडालाच लगडलेली असतात, हे लहानपणापासून पाहिलेले. पण ते दैवत. हात जोडून डोळे मिटायचे, उघडायचे नाहीत. उंबर आणि फणस एकाच कुळातले, वडाचे भाऊबंद. ज्याच्या देहातून दिवाळीच्या मिठाईसाठी चॉकलेट येते तो कोकोदेखील खोडालाच फळतो. भर पावसाच्या जंगलांतली कितीतरी झाडे अशी आहेत. फणसाचे मूळ घर आपल्या सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरची सदाहरित जंगले, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. झाडाला लागणाऱ्या फळांत जगात याच्याहून मोठे फळ नाही. २०१६ साली पुण्यात तोललेला एक फणस ४२.७२ किलो भरला आणि जागतिक विक्रमात गेला. असले ओझे डहाळीला झेपेल कसे? म्हणून ते झाड आपले मूल कडेवर घेत नाही, पोटाशी धरते. झाड जसजसे म्हातारे होते तसतशी फळे खाली उतरतात, आणि शेवटी मुळांवरही धरतात.

आणि हे फळ तरी एक कुठे आहे? फणस म्हणजे शेकडो फुलांचा एकत्र संसार. सालीवरचा एकेक काटा म्हणजे एकेका फुलाचे टोक. जे फूल फळले त्याचा गरा झाला. जे फळले नाही त्याचे तंतू झाले आणि गऱ्यांच्या मधल्या फटी भरून काढीत राहिले. आपण ते तंतू टाकून देतो. पण ते नसते तर गरे एकमेकांवर आपटून चेंदले असते. एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांना हे अधिक विस्ताराने सांगायला नको.

त्या आजींकडे मी मुलाची चौकशी केली. त्या त्याला ओळखत होत्या. "घाटाखाली नर्सरीत कलमं बांधतोय. हात लई गुणाचा." फोन नंबरही मिळाला. खिशात कागद घेऊन लग्नाला गेलो, जेवलो, परत आलो. फोन मात्र केला नाही. आज करू, उद्या करू. पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट; काय म्हणून बोलायचे? एवढ्या अवधीत माझ्या दोन कादंबऱ्या छापून झाल्या होत्या. त्यांत माणसे एकमेकांची क्षमा मागताना पाने दोन-दोन बोलतात. मला एक वाक्य सुचेना.

शेवटी फोन करायला लावला तो पुराने. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी जयंती नाल्यातून मागे फुगले आणि शाहूपुरीच्या सखल गल्ल्यांत शिरले. कुंभार गल्लीत गणपती तयार होऊन रंगाची वाट पाहत होते. आम्ही शेजाऱ्यांच्या माडीवर गेलो. माडीच्या खिडकीतून आमचा फणस दिसे. कमरेएवढ्या पाण्यात उभा. पाच दिवस तो तसाच उभा होता. घाटमाथ्यावर पाऊस कोल्हापूरच्या कित्येक पट पडतो आणि तिथे फणस मजेत असतो. कारण उतारावरून पाणी वाहून जाते. फणसाला पाऊस हवा, पण मुळाशी साचलेले पाणी त्याला सोसत नाही. मुळे गुदमरतात.

दसऱ्यापर्यंत झाडाची रस्त्याकडची अर्धी बाजू वाळली. जो तो सल्ला देऊ लागला : तोडा. एक सुतार येऊन बुंध्याला टिचक्या मारून गेला. फणसाचे लाकूड उत्तम. कापले तेव्हा पिवळे, जुने होत जाईल तसे तांबूस होते. वाळवी सहसा लागत नाही. कोकणात त्याच्या चौकटी-दारे पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. तंजावरची वीणा याच लाकडाची करतात, मृदंगाचे खोडही. त्याचा भुसा उकळून काढलेल्या पिवळ्या रंगात आग्नेय आशियातले बौद्ध भिक्षू आपली चीवरे रंगवीत आले. एवढे सगळे मी सुताराला ऐकवले. तो म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या, सर. हितं दोन पाट आणि एक पोळपाट निघंल."

त्या रात्री मी कागद शोधून फोन लावला.

ओळख द्यावी लागली नाही. "सर, बोला की!" इतक्या मोकळेपणाने तो म्हणाला की मी आधी झाडाचेच रडगाणे गायले. त्याने नीट विचारून घेतले. साल खरवडली तर आत हिरवे दिसते का? शेंडा कुठल्या बाजूचा जिता आहे? मग म्हणाला, "तोडू नगा. वाळलेलं तेवढं काढा, कापाला बोर्डोचा लेप द्या. बुंध्याला माती चढवू नगा. अंगणाला चर काढून पाणी भाईर निघंल असं करा. आणि दोन वर्सं काय बी मागू नगा त्याच्याकडं."

मग मी धीर करून त्या चित्राचे सांगितले. फुली, शेरा, हसणारा वर्ग, सारे सांगितले. बावड्याच्या आजींच्या परड्यातला फणसही सांगितला. "माझी चूक झाली," असे म्हणालो. पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

"सर, खरं सांगू? माझ्या ध्यानातच न्हाई," तो म्हणाला. "फणस काढलेला आठवतोय. तुम्ही पुढं नारळाला सात मार्क दिल्यालं आठवतंय. आईला दाखवलं होतं."

मला वाटले होते, क्षमा मिळाली की हलके वाटेल. ती द्यायला समोरच्याला आठवणच नव्हती. सोळा वर्षे ती फुली एकट्या माझ्याच वहीत राहिली होती. मुलाने मात्र जपून ठेवले होते ते न पाहता काढलेल्या नारळाचे सात गुण. मास्तरकीत याहून मोठी शिक्षा मला अजून झालेली नाही.

त्याने सांगितले तसे सारे केले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, पण आमच्या अंगणातले पाणी चरावाटे लवकर ओसरले. झाड एका बाजूने झुकलेले, पण हिरवे राहिले. आणि २०२३ च्या फेब्रुवारीत सकाळी दात घासत असताना मला एक कोका दिसला. देठ जाड, तळाशी कडे. जमिनीत नाही, तेवढे नाटक आमच्या झाडाला साधले नाही. पण गुडघ्याच्या उंचीवर, जुन्या, खडबडीत, पुराच्या खुणा असलेल्या सालीतून तो फुटला होता. माझी पंचेचाळिशी चालू होती. उशिरा फळणाऱ्यांबद्दल मला तेव्हापासून आदर वाटू लागला आहे.

जूनमध्ये गल्लीभर वास सुटला. नऊ किलो भरला. हाताला, विळीला खोबरेल लावून अंगणात तो फोडला. तेल नसेल तर फणसाचा चीक हाताला आठवडाभर निरोप घेऊ देत नाही. काप्याच्या आठळीचा असूनही निघाला बरका! बियांच्या झाडाचे हे असेच. आईसारखे होईल याचा भरवसा नाही. म्हणून तर बागायतदार कलमे लावतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण प्रॉलिफिक' ही निवडलेली जात त्यासाठीच दिली. कलम लावले तर चार-पाच वर्षांत फळ, आणि चवीची खात्री. माझी आपली बेभरवशाची शेती.

पण बरका निघाला म्हणून कुणी हिरमुसले नाही. शेजारच्या कुडाळच्या काकूंनी त्याचा रस गाळून तांदळाच्या रव्यात घातला आणि सांदणे उकडली. उरलेल्या रसाची साठे घातली. आठळ्या मिठात उकडून मुलांनी खाल्ल्या. आईने त्याच्या पानांचे द्रोण टाचले. काही गरे वटपौर्णिमेच्या वाणात गेले. साली शेळीने संपवल्या. वीस वर्षांपूर्वी दोन रोपे खाल्लेल्या शेळीच्या पणतीने असावे. या एका फळातून कुणी रिकाम्या हाताने गेले नाही. १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने फणसाची दखल घेतली. २०१८ साली केरळाने त्याला राज्यफळ केले. बांगलादेशाने तर राष्ट्रीय फळाचा मान दिला. आमच्या गल्लीने त्याला पहिल्याच दिवशी चाटून पुसून मान दिला.

पाच आठळ्या मी ओल्या फडक्यात बांधून त्याच दिवशी घाटाखाली पाठवल्या. त्याचा उलट निरोप आला : "लावल्या. बरक्यावर काप्याचं कलम बांधतो." मास्तरच्या चुकीवर विद्यार्थ्याने बांधायचे कलम ते!

तेव्हापासून माझ्या टेबलावर तांबडी पेन्सिल नाही. वर्गात झाड काढायला सांगितले आणि काही विचित्र दिसले की मी एकच विचारतो, "कुठे पाहिलेस?" कधी उत्तर येते, "मोबाईलवर." कधी येते, "आजोळी." आणि कधी मूल नुसते माझ्या तोंडाकडे पाहत राहते, तेव्हा त्याला घेऊन वर्गाबाहेरच्या झाडाखाली जायचे, एवढे मला आता कळते.

दिवाळी आली की घरची मंडळी आकाशकंदील टांगतात आणि मी बुंधा न्याहाळू लागतो. थंडी पडली की नवे कोके फुटायचे दिवस येतात. यंदाही कंदील त्याच झाडाच्या फांदीला बांधला आहे. त्याचा उजेड वर कमी आणि खाली, मुळाशी अधिक पडतो. बायको म्हणते, कंदील फार खाली आला. मी म्हणतो, राहू दे. बघण्यासारखे जे काही आहे, ते खालीच असेल.